शिक्रम रिकामी निघाली तेव्हा

आमच्या घरात बायका आहेत, ही गोष्ट नांदेडात फक्त घोड्याला माहीत होती.

बाकी कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता. राज्य निजामाचं, मोठ्या घरांतून बायकांना गोषा-पडदा, आणि आमचं घर मोठं नसलं तरी मोठं दिसायच्या खटपटीत! माझे वडील, नाना, वकिली करायचे. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, आमच्याकडेच असायची आणि घरावर तिचंच फर्मान चालायचं. निजामाचं फर्मान हैदराबादेहून पोचायला वेळ तरी लागे. आत्याचं स्वयंपाकघरातून निघालं की ओसरीवर यायच्या आत अमलात आलेलं असे. तिचा आवाज असा, की ती मांजरावर ओरडली तर किनवटच्या जंगलात वाघ उठून बसत. पण हा सगळा आवाज उंबऱ्याच्या आत. उंबऱ्याबाहेर आत्याला ना तोंड होतं, ना आवाज. जहागीरदाराच्या बायका कुणाला दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत, मग वकिलाच्या घरच्यांनी का दिसावं, हा तिचा सवाल.

मला शाळेत घालायचं नानांनी काढलं तेव्हा घरात मोठा खटला उभा राहिला. नाना कोर्टात जिंकत, घरात हरत. पण या खटल्यात तडजोड झाली.

"पोरगी शाळेत जाईल," आत्या म्हणाली, "पण गावाला दिसता कामा नये."

आता ही अट माणसाला लावायची की भुताला? पण नाना वकील! त्याच सुमारास एका जहागीरदारानं मोटार घेतली होती आणि त्याची जुनी शिक्रम अंगणात उभी होती. तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. नानांनी कोंबड्या सोडून बाकी सगळं घरी आणलं: शिक्रम, सुलतान नावाचा घोडा आणि बाबूमियाँ नावाचे गाडीवान.

शिक्रम कशी असते हे आजच्या पोरांना सांगायचं, तर चाकं लावलेलं कपाट! चारी बाजूंनी लाकडी, खिडक्यांना झडपा, झडपांच्या आत पडदे, मागच्या अंगाला एकच दार आणि पुढं उंचावर गाडीवानाची बैठक. आत दोन माणसांची जागा. त्यातली दीड आत्या घेई. उरलेल्या अर्ध्यात मी, माझं दप्तर आणि पाण्याचा तांब्या. झडपेच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढं नांदेड मी पाहिलं. वर्षानुवर्षं माझी समजूत होती की या गावातल्या माणसांना डोकी नसतात, नुसती धोतरं असतात.

या नावावरूनही आमच्याकडे फार वाद. नाना म्हणायचे, "शीघ्र. संस्कृत शब्द आहे. शीघ्र जाते ती शिक्रम. मुंबईच्या साहेबांनी उचलला, त्यांच्या तोंडात वाकडा झाला आणि वाकडाच आपल्याकडं परत आला."

बाबूमियाँना हे साफ नामंजूर. "नक्को वकीलसाब! शक्कर और आराम. शक्कर खाते, आराम से जाते. बडे लोगां की गाडी है, उसकू जल्दी कायकी?"

आत्याचं मत तिसरंच. कुणीतरी शिक्रमसाहेब नावाचा गोरा होऊन गेला असणार, आणि त्याच्या बायकोला उन्हाचा त्रास असणार. (या शिक्रमसाहेबाची पुढं आत्याला इतकी खात्री पटली, की त्याला मूलबाळ नव्हतं हेही ती सांगू लागली.)

सुलतानला या वादात कुणी विचारलं नाही. पण त्याची चाल बघता तो बाबूमियाँच्या बाजूचा होता.

शिक्रमीत बसायची एक रीत होती. आमच्या दारापासून शिक्रमीच्या पायरीपर्यंत दोन मोलकरणी दोन्हीकडून चादरी धरत, त्यामधून आम्ही जात असू. बाबूमियाँ त्या वेळी सुलतानच्या दोन कानांमधून सरळ पुढं बघत. मागं वळून बघायचं नाही, ही त्यांची जहागीरदाराकडची शिस्त. आणि आमचा आवाज त्यांच्या कानी पडायचा नाही, ही आत्याची. मग गाडी थांबवायची कशी, हाकायला सांगायची कशी? त्यासाठी पुढच्या फळीवर टकटक. एकदा वाजलं की थांबायचं, दोनदा वाजलं की निघायचं. एवढ्या कारभारावर बाबूमियाँनी मला मुळाक्षरांपासून मिडलपर्यंत पोचवलं, पण माझं तोंड पाहिलं नाही की माझा शब्द ऐकला नाही.

मिडलची परीक्षा आली आणि लातूरही आलं.

म्हणजे लातूरचं स्थळ. गुळाची मोठी आडत, चार वाटांनी येणाऱ्या बैलगाड्या आणि घरात एकुलता मुलगा. मुलाचे वडील आप्पासाहेब स्वतः नांदेडात येऊन उतरले होते. आत्या पडद्याआडून त्यांच्याशी बोलली आणि तिनं तिथल्या तिथं निम्मा होकार दिला. निम्मा राहिला तो नानांमुळे.

"अक्का, पोरगी मिडल पास झाली तर मी तिला हैदराबादला पुढं शिकायला पाठवणार," नाना म्हणाले.

"आणि नाही झाली तर?"

"तर तू म्हणशील ते."

"मग मी लातूर म्हणते," आत्या म्हणाली. "आप्पासाहेब सराफ्यात पाटल्या बघायला लागलेसुद्धा!"

म्हणजे एकीकडे माझी शाळा, दुसरीकडे गुळाची ढेप. मी सगळे पेपर जीव तोडून लिहिले. शेवटचा राहिला गणिताचा. गणितात मी अशी होते की पावकीच्या पाढ्यालाच माझी भीती वाटायची!

त्या सकाळी आत्यानं मला पहिल्यांदाच नऊवारी नेसवली. शुभ कार्य आहे म्हणाली. (कुठलं कार्य, ते बोलली नाही.) चादरी धरल्या, आम्ही बसलो, ठक ठक झालं, सुलतान निघाला. आमच्या होळी मोहल्ल्यातल्या घरापासून वजिराबादेतल्या शाळेपर्यंत माणूस पायी सहज जातो. शिक्रमीला मात्र तयारी करून निघावं लागे.

वाटेत एका बोळाच्या तोंडाशी मारुतीचं लहानसं देऊळ होतं. आत्यानं झडपेच्या फटीला डोळा लावला. बोळात चिटपाखरू नव्हतं.

"उतर गं इंदे. गणित आहे, नुसता लांबून नमस्कार पुरायचा नाही."

तिनं फळीवर एकदा ठोकलं. गाडी थांबली. आम्ही मागचं दार उघडून हळूच उतरलो, देवळात शिरलो, डोकं टेकलं. आत्यानं माझ्या कपाळाला शेंदूर फासला आणि मारुतीला काहीतरी बराच वेळ सांगत बसली. आता ती माझ्यासाठी मागत होती की लातूरसाठी, ते मारुतीलाच माहीत!

इतक्यात बाहेर सुलतानला माशी चावली.

त्यानं मागचा पाय झाडला. शिक्रमीला हिसका बसला. पुढच्या फळीजवळ खुंटीला टांगलेला पाण्याचा तांब्या झुलला आणि फळीवर आपटला. ठक. परत येऊन पुन्हा आपटला. ठक.

बाबूमियाँनी लगाम उचलला. "चल मेरे सुलतान!"

आणि मागचं दार सताड उघडं टाकून, माझी दौत, टाक आणि सगळं आयुष्य घेऊन शिक्रम निघाली!

आम्ही देवळाच्या पायरीवर उभ्या. जिच्या आवाजानं वाघ उठायचे, ती आत्या तोंडाला पदर लावून देवाच्या कानात सांगावं तशी म्हणाली, "बाबूमियाँ... अहो बाबूमियाँ... थांबता का जरा..."

"आत्या, मोठ्यानं ओरड की!"

"वेडी का काय? रस्ता आहे हा! गाव ऐकेल!"

"मग ते तरी कसे ऐकतील?"

"थांब. घरी कळेल कुणाला तरी. माणूस येईल शोधायला."

"कधी येईल?"

"येईल की दुपारपर्यंत."

दुपारपर्यंत पेपर संपणार! मी शिक्रमीकडं बघितलं. ती कोपऱ्यावर वळत होती. समोर मला स्वच्छ दिसत होतं: लातूर, गूळ, आणि गुळावर बसलेल्या माशा.

"आत्या, मी पळते."

"लोक बघतील!"

"बघितलं तर लग्न मोडेल. इथं उभी राहिले तर होईल!"

एवढं बोलून मी कासोटा घट्ट केला आणि सुटले. नऊवारी हे वस्त्र ज्या कुणी बाईनं काढलं तिला कुठंतरी वेळेवर पोचायचं होतं, यात मला शंका नाही.

बोळातून मी बाजारात आले आणि पहिल्यांदा नांदेडातल्या माणसांना डोकी दिसली. सगळीच्या सगळी माझ्याकडं वळलेली! दुकानांच्या फळ्या उघडत होत्या, त्या हातातच राहिल्या.

"आरं, कोन हाय ही?"

"कोन का असंना, पळून राहिली लई जोरात!"

"कपाळाला एवढा शेंदूर! अंगात-बिंगात आलं काय हिच्या?"

"माहूरकडं निघाली असंल!"

आणि पळता पळता माझ्या ध्यानात आलं, की अरे, मला कुणी ओळखतच नाही! एवढी वर्षं आत्यानं मला अशी झाकून ठेवली होती, की आता मी चौकात उभी राहून नाच केला असता तरी आमच्या घराला डाग लागला नसता. ही कुणाची पोर, हे सांगणार कोण? गोषाचा एवढा फायदा सबंध निजाम राज्यात कुणाला झाला नसेल. मी हुरूप येऊन आणखी जोरात पळाले.

तेवढ्यात मागून आवाज आला. तोच, वाघवाला.

"इंदेऽऽ! अगं वकिलाच्या पोरी, पदर सांभाऽऽळ!"

आत्या! उंबऱ्याबाहेर न निघालेला सगळ्या जन्माचा आवाज तिनं एका दमात काढला होता. दोन्ही हातांनी निऱ्या धरून ती माझ्या मागं येत होती. बाजाराला उलगडा झाला.

"अस्सं! वकीलसाहेबाची हाय व्हय!"

"आन मागून ती कोन?"

"ती त्यांची थोरली बहीण असंल. शिक्रमीतली!"

संपलं. पण आता थांबून तरी काय उपयोग? मी सराफ्याकडं वळले. मागून पुन्हा गर्जना: "सराफ्यातून नको! डावीकडनं जा, जवळ पडतं!"

ऐकायला उशीर झाला. मी सराफ्यात घुसलेच होते. आणि तिथं, एका पेढीच्या गादीवर, हातात सोन्याची पाटली घेऊन, ती उजेडात फिरवत कोण बसलं होतं? आप्पासाहेब! पाटलीच्या गोलातून त्यांना आधी मी दिसले. मला ते काय ओळखणार? पण मागोमाग आत्या आली. आत्याचा चेहरा त्यांना नवा होता, आवाज मात्र चांगलाच ओळखीचा.

ते अर्धवट उठले. "अक्का? तुमी?"

आत्यानं जागच्या जागी थांबून हनुवटीपर्यंत पदर ओढला आणि आतून ठामपणे सांगितलं, "मी नाही!"

आणि पुन्हा पळाली.

पुढच्या चौकात मला शिक्रम दिसली. ऐटीत चालली होती, मागचं दार फडफडत होतं. चौकातल्या पोलिसाला जहागीरदाराच्या गाडीची जुनी सवय. त्यानं नजर जमिनीला लावून आतल्या बाईसाहेबांना, म्हणजे माझ्या दौतीला, कडक सलाम ठोकला. मी गाडी गाठली आणि बाबूमियाँच्या बाजूनं पळू लागले.

"बाबूमियाँ, थांबा!"

"ए छोकरी, हट! अंदर जनाना है."

"आत कुणी नाही! मी इंदू!"

"इंदूबी अंदर बैठे हैं. मैं खुद लेके आया उनकू."

"अहो, मागं वळून बघा तरी!"

"मागं?" बाबूमियाँनी दोन्ही कानांना हात लावले. "तोबा! आज तक मागं बघितलो न्हाई, अब तेरे वास्ते बघूंगा?"

बरोबरच होतं त्यांचं. माझं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आवाज कधी ऐकला नव्हता. रोज मला नेणारा माणूस माझ्याशी बोलत होता आणि मी मीच आहे, हे सिद्ध करायला माझ्याकडं काही म्हणजे काही नव्हतं. मी रडकुंडीला आले. आणि मग हात वर करून त्यांच्या बैठकीखालच्या फळीवर एकदाच ठोकलं.

ठक.

शिक्रम जागच्या जागी उभी राहिली. सुलतान तर बसायचाच बाकी होता. बाबूमियाँनी डोळे गच्च मिटून घेतले. "या अल्ला! बाईसाब, आप अंदर से बाहर कब गए?"

उत्तर द्यायला वेळ कुठला? मी आतून दौत-टाक उचलले आणि धूम ठोकली. गाडीत बसायचा विचारही शिवला नाही. मला त्या दिवशीच पोचायचं होतं. मागं वळून पाहिलं तर आत्या शिक्रमीत कशीबशी चढत होती. (पुढं कळलं की फळीवर ठोकायची ताकद तिच्यात उरली नव्हती, आणि दोनदा वाजल्याशिवाय बाबूमियाँ हलायला तयार नव्हते. चौक बराच वेळ बंद होता. पोलीस बिचारा सलाम धरूनच उभा!)

शाळेच्या फाटकाशी चादर घेऊन उभी असलेली बाई माझ्याकडं बघतच राहिली.

"गाडी कुठंय?"

"मागून येऊन राहिली."

"आन तू?"

"मी पुढं आले."

बड्या उस्तानी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, वर्गाच्या दारातच होत्या. पेपर केव्हाच सुरू झाला होता. कायद्यानं त्या मला परत पाठवू शकल्या असत्या, आणि मी तर कपाळी शेंदूर, पायात धूळ, खांद्यावरून सुटलेला पदर अशी उभी. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. मग माठातून पाणी काढून माझ्या हातात दिलं.

"पहले पानी पी ले बेटी. फिर हिसाब कर."

त्या पेल्याएवढं गोड पाणी मी पुन्हा प्याले नाही. आणि सांगते, त्या दिवशी पळून पळून डोक्यात रक्त चढलं होतं म्हणून असेल, गणितं मला चक्क सुटत गेली!

संध्याकाळी आप्पासाहेब घरी आले. नाना ओसरीवर मान खाली घालून बसलेले, मी माजघरात, आत्या नेहमीच्या पडद्याआड. आप्पासाहेब बराच वेळ पागोटं सारखं करत राहिले.

"वकीलसाहेब, वाईट वाटून घेऊ नका. पोरगी तुमची लई गुणाची हाय. पन आमचा पोरगा शांत हाय हो! घरून आडतीवर जायचं तर वाटंत दोनदा टेकतो. त्यानं तुमच्या पोरीच्या मागं कुठवर पळावं?"

"म्हणजे...?" नानांनी तोंड शक्य तितकं लांब केलं. वकिली कामाला आली.

"म्हंजे आमच्याकडून न्हाई म्हना. आन माझं ऐकाल तर तिला शिकवा. आज ती ज्या जोरात गेली ना, तिच्या वाटंत आडवं व्हायची माझी तरी छाती न्हाई."

मी मनात म्हटलं, आता आत्या फुटणार. पडदा हलला. आणि चहाची कपबशी हातात घेऊन आत्या बाहेर आली! सरळ, उघड्या तोंडानं, परक्या पुरुषापुढं.

"अक्का, अगं..." नाना उठलेच.

"सगळ्या सराफ्यानं बघितलंय मला," आत्या म्हणाली. "आता यांच्यापुरता पडदा ठेवून काय करू?" आणि आप्पासाहेबांकडं वळून, "घ्या. साखर कमी असली तर सांगा, तुमचा गूळ आहे घरात."

मी पास झाले. गणितातसुद्धा! हैदराबादला गेले, शिकले, मास्तरीण झाले. त्या दिवसापासून आत्या रोज गोदावरीवर पायी जाऊ लागली आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून बोलू लागली. शिक्रम पुन्हा कोंबड्यांकडं गेली. सुलतान आणि बाबूमियाँ मात्र आमच्याचकडं राहिले, दोघांनी मिळून भरपूर आराम केला. या सगळ्यांचं माझ्यावर देणं आहे. त्या माशीचंसुद्धा. पण सगळ्यात जास्त आत्याचं. कितीतरी वर्षांनी, ती गेल्यानंतर, वर्गात पोरींना शिकवताना एकदम माझ्या ध्यानात आलं: ती माझ्या मागं पळाली, बोंब मारून सगळं गाव गोळा केलं, पदर सांभाळ म्हणाली, जवळची वाट सांगितली. पण "थांब" असं काही बाजारात ती एकदाही म्हणाली नाही.

पुढं राज्य बदललं, आणि माझी बदली झाली ती नेमकी लातूरला! शाळेची मुख्याध्यापिका म्हणून. एके दिवशी एक गृहस्थ आपल्या मुलीचं नाव घालायला आले. उंचेपुरे, पांढरंशुभ्र धोतर, बोलणं असं मऊ की ऐकत राहावं. हात जोडून म्हणाले, "बाई, मी आडतवाल्या आप्पासाहेबांचा मुलगा. वडील तुमची गोष्ट फार कौतुकानं सांगायचे. म्हणून पोरीला तुमच्याच हाताखाली घालायचं ठरवलं. तुमच्यासारखी पळू दे तिला."

मी त्यांना तोवर कधी पाहिलंच नव्हतं! गोषा माझ्यापुरता थोडाच होता? माझ्या डोळ्यांपुढं आजवर लातूरचा मुलगा म्हणजे माशा बसलेली एक ढेप होती. ते मुलीला घेऊन संथपणे निघाले, फाटकाशी जरा टेकले, आणि वळून हसले. मी खिडकीत उभी. आमच्या ह्यांना सांगू नका, पण खरं सांगते, त्या दिवशी मी थोडी हळू पळाले असते तरी चाललं असतं!